अडतीस मालक आणि एक पाहुणा

कुणाला काय दिसावं आणि कुणाला काय दिसू नये, हे ठरवायला डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे, असं मी आमच्या राजेश्वरी मॅडमना भर ऑफिसात, चार माणसांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं! चार माणसं म्हणजे मॅडम, मी, पाण्याचा जार बदलायला आलेला मारुती आणि एक कुरिअरवाला. पण सांगितलं होतं!

आधी माझी ओळख करून देतो. मी अमृत गराडे, मुक्काम परंदवडी. लोणावळ्यात 'डोंगरवारा हॉलिडे होम्स' नावाची कंपनी आहे, तिथे मी ऑपरेशन्स बघतो. म्हणजे काय, तर लोणावळ्यापासून मळवलीपर्यंत लोकांनी हौसेने बंगले बांधलेत आणि बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलंय की तिथे राहायला घरात कुणालाच वेळ नाही. असे अडतीस बंगले आम्ही सांभाळतो आणि पाहुण्यांना भाड्याने देतो. प्रत्येक बंगल्याला एक मालक, एक केअरटेकर आणि शनिवार-रविवारी पाहुणे. या तिघांना एकमेकांच्या मनात काय चाललंय ते कळू न देणं, म्हणजे ऑपरेशन्स!

पूर्वी सगळ्यांचा मिळून एकच व्हॉट्सॲप ग्रुप होता. एकाच पातेल्यात दूध, ताक आणि चिंचेचं पाणी! केअरटेकरने 'गीझर बिघडलाय' असं लिहिलं की त्याखाली कुणीतरी मालक सूर्योदयाचा फोटो टाकून 'सुप्रभात' म्हणणार. एकदा तर चुकून एक पाहुणेच त्या ग्रुपात राहून गेले. मळवलीच्या भामामावशींनी व्हॉइस मेसेज टाकला, "आजचं पावणं लय आगाव हाय, टावेलानं बूट पुसतंय!" पाहुण्यांनी तो बूट पुसता पुसताच ऐकला.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "अमृत, आता पुरे. मोठ्या कंपन्यांत असतं तसं ॲप घ्या. ज्याला जे दिसायला हवं तेवढंच त्याला दिसलं पाहिजे. जमेल?"

तेव्हाच मी छाती पुढे काढली.

ॲपचं नाव 'संवादसेतू'. ते आम्हाला विकलं तळेगावच्या जावेदने. जावेद समजावून सांगण्यात हुशार. तो म्हणाला, "साहेब, यात माणसाला परवानगी द्यायची नसते. परवानगी रोलला द्यायची आणि रोल माणसाला. मुकुट ज्याच्या डोक्यावर तो राजा. मुकुट काढला की तो पुन्हा साधा माणूस. सोपं आहे."

"फारच सोपं आहे," मी म्हणालो आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. शिकण्याचे व्हिडिओ होते, ते मी दुप्पट वेगाने बघितले. त्यातला माणूस चिमणीसारखा बोलत होता, पण मुद्दा कळला!

मग मी रोल उघडले. ओनर, ॲडमिन, मॅनेजर, मेंबर, गेस्ट. मी खुर्चीतून उठलोच! अहो, हे ॲप तर आमच्याच धंद्यासाठी बनवलेलं! ओनर म्हणजे बंगल्यांचे मालक. ॲडमिन म्हणजे अर्थातच मी. मॅनेजर म्हणजे राजेश्वरी मॅडम, त्या कंपनी मॅनेज करतात म्हणून. मेंबर म्हणजे केअरटेकर. आणि गेस्ट म्हणजे, सांगायलाच नको, पाहुणे! जगात कुठेतरी कुणीतरी लोणावळ्याचा इतका खोल विचार केलाय हे बघून मला भरून आलं.

संध्याकाळी जावेदचा फोन आला.

"साहेब, एक सांगायचं राहिलं. ओनर शक्यतो एकच ठेवा. फार तर दोन."

"एकच कसा ठेवू? आमच्याकडे अडतीस आहेत!"

"अडतीस?" पलीकडून जरा आदराने आवाज आला, "एवढी मोठी कंपनी आहे तुमची? बघितल्यावर वाटत नाही."

मी अभिमानाने फोन ठेवला.

माझ्या योजनेतला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे 'केअरटेकर कट्टा'. फक्त केअरटेकरांसाठी, कुलूपबंद चॅनेल. मालक नाही, पाहुणा नाही. माणसाला मन मोकळं करायला जागा हवी की नको? मी स्वतः मळवलीला जाऊन भामामावशींच्या फोनवर ॲप टाकून दिलं. भामामावशी आणि त्यांचे यजमान कोंडाजीभाऊ 'निवांत' नावाचा बंगला सांभाळतात. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर आहे. म्हणजे नोकरी आहे तोवर घर आहे, असा हिशेब.

कोंडाजीभाऊ फोनकडे बघत म्हणाले, "ह्ये आमच्या सायबाला दिसंल का?"

"नाही."

"बगा हां दादा," भामामावशी म्हणाल्या, "आमी तुमच्या जिवावर बोलनार."

"मावशी, बिनधास्त बोला! साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्याला दिसायचं नाही!"

त्या बोलल्या. सगळेच बोलले. दोन आठवड्यांत कट्टा असा रंगला की मी रात्रीच्या मालिका सोडून कट्टा वाचायला लागलो. कुठल्या मालकाने फ्रिजला कुलूप लावलंय, कुठल्या मालकिणीला पालीची भीती वाटते म्हणून तिचा केअरटेकर फोनवर 'मॅडम, पाली लय झाल्यात' म्हणून तिला यायचं टाळायला लावतो, सगळं तिथे. पण कट्ट्याचा खरा राजा होता 'निवांत' बंगल्याचा विषय.

'निवांत'चे मालक बिवलकर साहेब, पुण्यात राहणारे निवृत्त इंजिनियर. त्यांनी उन्हाळ्यात बंगळुरूहून अव्हाकाडोचं रोप आणून बंगल्याच्या कोपऱ्यात लावलं होतं. त्याला लोखंडी जाळी, त्यावर पाटी 'अव्हाकाडो. हात लावू नये.' आणि रोज सकाळी भामामावशींना फोन, "झाड कसं आहे?"

झाड श्रावणातच शेळीने खाल्लं होतं. तिने हात लावला नाही, तोंडच लावलं.

पण मावशी रोज सांगत होत्या, "लय झोकात हाय सायेब." झाड फोनवर वाढत गेलं. गुडघ्याएवढं झालं, कंबरेएवढं झालं. मग साहेबांनी फोटो मागितला. मावशींनी कट्ट्यावर लिहिलं होतं, "सायबांनी झाडाचा फोटू मागितला. म्या भिंतीवरनं आत आलेली नूर मॅडमच्या रबराच्या झाडाची फांदी काढून धाडली. सायेब म्हनले काय तकाकी हाय, पुन्यात समद्यांना दावतो! आता म्हनत्यात फळं कवा धरनार. फळं कुटनं आनू?" त्याखाली हसून लोळणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

नूर मॅडम म्हणजे शेजारच्या 'सुकून' बंगल्याच्या मालकीण नूर इनामदार. निवृत्त मुख्याध्यापिका. 'निवांत' आणि 'सुकून' यांच्यात गेली कित्येक वर्षं ना निवांत होतं, ना सुकून. साहेबांची तक्रार, मॅडमच्या झाडाची पानं माझ्या पूलमध्ये पडतात. मॅडमची तक्रार, साहेबांच्या जनरेटरचा धूर माझ्या दिवाणखान्यात येतो.

त्या पूलची पण एक बातमी कट्ट्यावर होती. पूल गळत होता म्हणून रिकामा ठेवलेला, बंगल्याचं बुकिंगही बंद. कोंडाजीभाऊंनी फोटो टाकला होता. निळ्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत इंद्रायणी भात पसरलेला! "सायेब म्हयनाभर येत न्हाईत. निळ्या फरशीवर लय झकास वाळतंय. चिमन्या बी येत न्हाईत, त्यांना वाटतंय पानी हाय."

आणि अशा शांत, सुखी वेळी, एका शनिवारी, मी अडतीस मालकांना आमंत्रण पाठवलं. रोल, ओनर. बटण दाबताना मला आपण काहीतरी पुण्यकर्म करतोय असं वाटलं!

रविवारी सकाळी मी घरी मिसळीवर तर्री ओतत होतो. फोन टुणटुणला. कट्ट्यावर नवा मेसेज होता.

"नमस्कार. मी बिवलकर. भात वाळला का?"

तर्री मिसळीत न पडता माझ्या लेंग्यावर पडली.

लगेच भामामावशींचा फोन आला. "अमृतदादा! तुमी म्हनलावता ब्रह्मदेवाला बी दिसायचं न्हाई! ब्रह्मदेव नमस्कार करतुया हितं!"

"मावशी, काहीतरी तांत्रिक बिघाड आहे. मी आत्ता काढतो त्यांना!"

"काडा बिगीबिगी! ह्ये गप जाऊन कोपऱ्यात बसल्यात. पानी बी पिईनात."

मी घाईघाईने बिवलकरांच्या नावावर बोट ठेवलं आणि 'काढून टाका' दाबलं. ॲप म्हणालं, 'ॲडमिनला ओनर काढण्याची परवानगी नाही.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबलं तर म्हणालं, 'आपल्या या प्रयत्नाची सूचना ओनरना देण्यात आली आहे.' अडतीसच्या अडतीसांना!

मी जावेदला फोन लावला.

"साहेब," जावेद अगदी हळू आवाजात म्हणाला, आजारी माणसाशी बोलतात तसं, "ओनर म्हणजे बंगल्याचा मालक नाही हो. ओनर म्हणजे ॲपचा मालक. त्याला सगळं दिसतं. कुलूपबंद चॅनेलसुद्धा. तो कुणालाही काढू शकतो, घेऊ शकतो, चढवू शकतो, उतरवू शकतो."

"म्हणजे मी अडतीस लोकांना..."

"कंपनीच्या किल्ल्या वाटल्यात. प्रत्येकाला पूर्ण जुडगा."

"मग मी कोण आहे?"

"ॲडमिन. त्यांनी ठेवलं तोवर."

"आणि राजेश्वरी मॅडम? त्यांना मी मॅनेजर केलंय."

फोनमधून जावेदने कपाळावर मारलेल्या हाताचा आवाज आला.

तोवर मालकांना आपले अधिकार कळायला लागले होते. फ्रिजला कुलूप लावणारे मालक कट्ट्यावर येऊन "कुलूप का लावतो याची कारणे" नावाचा निबंध लिहून गेले. पालीच्या मालकीणबाईंनी "म्हणजे पाली नाहीत?" एवढंच विचारलं आणि खाली रडका चेहरा टाकला. कुणीतरी आपल्या मेहुण्याला ओनर केलं. मेहुण्याने आपल्या पार्टनरला केलं. ओनर वाढता वाढता पन्नाशीकडे निघाले!

आणि मग नूर मॅडमनी रबराच्या झाडाची हकीकत वाचली.

त्यांनी थेट सगळ्यांच्या चॅनेलवर लिहिलं, "श्री. बिवलकर, आपण पुण्यात ज्या अव्हाकाडोचं कौतुक करता ते माझं रबराचं झाड आहे. खुलासा करावा."

बिवलकरांनी खुलासा न करता नूर मॅडमचा ओनर रोल काढून घेतला. पाचव्या मिनिटाला नूर मॅडमच्या बहिणीने तो त्यांना परत दिला, कारण मॅडमनी बहिणीला आधीच ओनर करून ठेवलं होतं. हेडमास्तरीण ती! मग त्यांनी बिवलकरांना काढलं. बिवलकर दुसऱ्या कुणाच्या तरी मेहरबानीने परत आले. पंधरा मिनिटांत दोघं इतक्या वेळा आत-बाहेर झाले की माझ्या फोनवर फक्त 'आले', 'गेले', 'आले', 'गेले' एवढंच दिसत होतं.

मी मोठेपणा घेऊन मध्ये पडलो. लिहिलं, "कृपया सर्वांनी शांतता राखावी. आपला, अमृत गराडे, ॲडमिन."

दोन्ही बाजू एकदम थांबल्या. मला वाटलं, माझ्या शब्दाला किंमत आहे! मग बिवलकरांचा मेसेज आला.

"मी या ॲपची मदतीची सर्व पानं वाचली आहेत. त्यात लिहिलंय की प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत. गराडेंचं नेमकं काम काय, हे कुणी सांगू शकेल का?"

बराच वेळ कुणीच काही सांगितलं नाही. राजेश्वरी मॅडमचासुद्धा काही निरोप आला नाही, त्याचं कारण मला नंतर कळलं. त्यांना त्या चॅनेलवर लिहायची परवानगीच नव्हती.

"मग सर्वात कमी अधिकार द्यावेत असं सुचवतो," बिवलकर म्हणाले. त्यावर नूर मॅडमनी अंगठा दिला. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट!

माझ्या फोनवर गोड संगीत वाजलं. "प्रिय अमृत, 'निवांत' बंगल्यात आपलं मनःपूर्वक स्वागत! सोबत ओळखपत्र आणावे. मोठ्याने गाणी लावू नयेत." गेस्टचा रोल मिळाला की रोल देणाऱ्याच्या बंगल्याच्या नावाने हा मेसेज आपोआप जावा, ही सोय मीच केली होती. शब्दही माझेच होते. तेव्हा कौतुक वाटून मी तो राजेश्वरी मॅडमनाही पाठवला होता.

राजेश्वरी मॅडमचा फोन आलाच. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अमृत, मी माझ्या कंपनीत एक मेसेज लिहायला गेले. ॲप म्हणतंय, परवानगीसाठी श्री. बिवलकर यांच्याशी संपर्क साधा. ते कोण आहेत माझे?"

"ग्राहक, मॅडम."

"आणि त्यांनी आत्ता मला फोन करून सांगितलंय की ते मळवलीला निघालेत, कोंडाजींना कामावरून काढायला. तुम्ही त्यांच्या आधी पोहोचा. कंपनी परत आणा. आणि ती दोन माणसं घालवलीत, तर तुम्हीही सोमवारी येऊ नका."

मी मोटरसायकलला किक मारली. सोमाटणे फाटा, वडगाव, कामशेत, कुठे कसा गेलो ते आठवत नाही. कार्ला फाट्याला रविवारच्या गाड्यांनी रस्ता असा तुंबला होता की एक मक्याच्या कणसांचा गाडा मला ओलांडून पुढे गेला. वाटेत डोक्यात मात्र एकच विचार. माझ्या शब्दावर बोलल्या हो त्या मावशी! 'तुमच्या जिवावर' म्हणाल्या होत्या.

'निवांत'ला पोहोचलो तर गेटवर भामामावशी डोळे सुजवून उभ्या.

"या पावणं," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावानं निरोप आलाय माज्या फोनवर. एक मानूस, शाकाहारी."

"मावशी, थट्टा नंतर! आधी भात उचलू. पुरावाच राहणार नाही!"

कोंडाजीभाऊ रिकाम्या पूलमध्ये पोती घेऊन उभेच होते. मी पँटचे पाय वर करून आत उडी मारली. भात घोट्याच्या वर! एकजण पोत्याचं तोंड धरतोय, एकजण फावड्याने भरतोय. चौथं पोतं भरत असताना वरून आवाज आला.

"गराडे, गेस्टने पूलमध्ये पोहण्याच्या कपड्यांशिवाय उतरायचं नाही. नियम तुमचाच आहे."

पूलच्या काठावर बिवलकर साहेब. उंच, सडसडीत, पांढरा शर्ट इस्त्रीचा. माझ्या हातातलं पोतं सुटलं आणि भात पुन्हा होता तिथे गेला.

साहेब वळले आणि थेट बागेच्या कोपऱ्यात गेले. आम्ही तिघं मागोमाग. जाळी होती. पाटी होती. 'अव्हाकाडो. हात लावू नये.' पाटीच्या खांबाला शेळी बांधलेली होती आणि ती साहेबांकडे ओळखीच्या नजरेने बघत रवंथ करत होती.

"हिने?" साहेबांनी विचारलं.

"व्हय सायेब," भामामावशी पदराचं टोक पिळत म्हणाल्या. "सरावनात. दावं तोडून आली आन् एका घासात गेलं. सांगनारच व्हते. पन दुसऱ्या दिशी तुमचा फोन आला, तुमी लय हौसेनं इचारलं, मला न्हाई म्हनवंना. मंग रोजच आला."

"परवा मी पानं मोजून सांगा म्हणालो."

"व्हय. तवा घाम फुटला मला."

"किती सांगितलीत?"

"बासष्ट."

साहेब तिथल्या दगडी कठड्यावर बसले. इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता. त्या शेळीकडे बघत म्हणाले, "रिटायर झाल्यापासून रोज सकाळी उठून कुणाला काही विचारावं असं एवढंच एक होतं माझ्याकडे."

कोंडाजीभाऊ डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले.

"सायेब, भाताची चूक माजी हाय. हिला काय बोलू नगा. खोल्या आजच रिकाम्या करतो."

तेवढ्यात गेटचा आवाज झाला आणि नूर मॅडम आत आल्या. त्याही पुण्याहून निघाल्या होत्या. हातात रबराच्या झाडाची एक फांदी, पुराव्यादाखल.

"बिवलकर, हे बघा तुमचं अव्हाकाडो! या झाडाची पानं पूलमध्ये पडतात म्हणून तुम्ही मला तीन वेळा झाड तोडायला सांगितलंत. आणि त्याच पानांची तकाकी पुण्यात दाखवत फिरलात?"

साहेबांनी फांदी हातात घेतली. उलटीसुलटी बघितली. पान बोटांनी पुसलं.

"तकाकी आहे," ते म्हणाले. एवढं नाइलाजाने बोललेलं वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

"आणि याला फळं धरायची वाट बघत होतात?"

"सोसायटीत बारा जणांना कबूल केलीत."

नूर मॅडमना हसू आवरेना. त्या हसता हसता शेजारी कठड्यावरच बसल्या. भामामावशींनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होतेच. आणि मग बिवलकर साहेब, तो मदतीची सर्व पानं वाचणारा माणूस, आधी नाकातून आणि मग मोठ्याने हसला. शेळी दचकून दाव्याच्या टोकापर्यंत गेली.

हसणं थांबल्यावर साहेब उठले आणि पूलपाशी गेले. मूठभर भात उचलून हुंगला. "इंद्रायणी?"

"व्हय."

"हा खोल भाग उतरता आहे. दव खाली साचतं. इथला भात आधी वरच्या बाजूला न्या, नाहीतर कोंदट वास धरेल."

"व्हय, पन वर वढायला मानूस कुटाय?" कोंडाजीभाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "गेस्ट रिकामाच आहे."

मी ओढला. सगळा! ऊन डोक्यावर, खालून निळी फरशी तापलेली, आणि काठावर दोन निवृत्त माणसं खुर्च्या टाकून मला सूचना देतायत. 'डावीकडे जास्त झालाय.' 'पातळ पसरा, पातळ!' मधूनच साहेब पूलमध्ये उतरायला निघाले तर कोंडाजीभाऊ म्हणाले, "सायेब, बूट काडा, भात हाय," आणि साहेबांनी निमूट काढले. खोल्या रिकाम्या करायचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही.

चहाच्या वेळी मी हात जोडले. "साहेब, मॅडमची कंपनी..."

"देतो ना. मला कुठे नेऊन ठेवायचीय?" त्यांनी चष्मा चढवला आणि सगळे ओनर एकेक करून उतरवले, मेहुणे आणि पार्टनरसकट. नूर मॅडमनी शेजारी बसून नावं वाचून दाखवली. शेवटी राजेश्वरी मॅडम एकट्या ओनर झाल्या आणि बिवलकरांनी स्वतःला काढून घेतलं. जाता जाता कोंडाजीभाऊंना म्हणाले, "भात सडून तांदूळ केलात की पाच किलो मला ठेवा. सोसायटीत अव्हाकाडोच्या जागी काहीतरी वाटावं लागेल." आणि भामामावशींना म्हणाले, "सकाळी फोन करतो. शेळी कशी आहे ते सांगा."

सोमवारी मी ऑफिसला गेलो. मॅडमनी येऊ दिलं. जावेदला बोलावून सगळे रोल पुन्हा नीट लावून घेतले. कट्ट्यावर आता खरंच मालक नाही, पाहुणा नाही. माझा रोल काय ठेवायचा असं जावेदने विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सध्या आहे तोच असू दे." त्यामुळे मला अधूनमधून टॉवेल बदलून हवेत का, अशी विचारणा येत असते.

पण एक गोष्ट माझ्या कानावर आली. कट्टा इतका सुरक्षित झाला, तरी तिथे कुणी बोलत नाही म्हणे! 'गीझर दुरुस्त झाला' आणि 'ओके', एवढंच. परवा मळवलीला गेलो तेव्हा मी भामामावशींना विचारलंच.

"मावशी, हल्ली कट्ट्यावर गप्पच असता सगळे?"

"तितं कोन बोलतंय आता! आमचा दुसरा ग्रुप हाय. व्हॉट्सॲपवर. बिवलकर सायबांनीच काडून दिला. त्येच ॲडमिन हायेत. नूर मॅडम बी हायेत."

"मालक आहेत त्यात?" मी चाट पडलो. "मग मला घ्या की!"

मावशी जरा अवघडल्या. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "इचारलंवतं म्या सायबांना. त्ये म्हनले, न्हाई जमायचं."

"का?"

"आता कसं सांगू दादा? तितं समदं तुमच्याविषयीच असतंय."